एका गॅलनची बिअर: किट आधी वापरा, मग विका

माझ्या हातात घरी बिअर करायचं पहिलं किट आलं ते नवऱ्याच्या ऑफिसातल्या नाताळच्या भेटीतून. खोक्यात काचेची बरणी, एक नळी, धान्याची पिशवी आणि तळहाताएवढ्या कागदावर सूचना. त्या कागदात जे जे लिहायचं राहिलं होतं, त्या प्रत्येक ठिकाणी मी चुकले. पहिली बिअर शिळ्या ताकासारखी लागली. दुसरीने भाड्याच्या घराचं छत रंगवलं. तिसरी पिण्याजोगी झाली. पुढे न्यू जर्सीत शनिवारच्या बाजारात मी स्वतः अशी किट विकायला लागले, तेव्हा कळलं की धान्य काय, कुठेही मिळतं. लोक पैसे मोजतात ते त्या कागदासाठी.

अमेरिकेत राहणाऱ्या, एकवीस पूर्ण झालेल्या आणि स्वयंपाकघरात थोडा पसारा चालणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. निम्मा भाग बिअर करण्याचा, निम्मा किट विकण्याचा. फक्त विकायचं असलं तरी पहिला भाग गाळू नका. स्वतः निदान पाच-सहा वेळा केल्याशिवाय दुसऱ्याला किट विकणं म्हणजे पोहता न येता पोहण्याची शिकवणी लावणं.

१. आधी कायदा

अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या ऑक्टोबरात कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. मर्यादा अशी: घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. एका गॅलनच्या किटने ही मर्यादा गाठायची तर घरात दुसरं काही शिजणारच नाही. राज्यांचे नियम मात्र वेगळे असतात. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ पर्यंत परवानगी दिली नव्हती. तुमच्या राज्याचा नियम एकदा वाचून घ्या.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

घरी केलेली बिअर विकता येत नाही. मित्राला भेट द्या, घरी आलेल्यांना पाजा, स्पर्धेला पाठवा. पण गणेशोत्सवाच्या फूड स्टॉलवर, कूपनावर, 'देणगी' घेऊन, अशा कुठल्याही वाटेने पैसे घेतले की ती विक्रीच. किट विकणं वेगळं, कारण खोक्यात मद्य नसतं. असतं ते धान्य, फुलं आणि यीस्ट.

दुसरी गोष्ट भारताची. सुट्टीला जाताना 'भावाला पुण्याला एक किट नेऊ' असं मनात येतं. नेऊ नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे, मग ते घरच्या ओट्यावर चार लिटर का असेना. पुण्यातल्या मायक्रोब्रूअरी रीतसर परवाना घेऊन चालतात. भावाला चॉकलेटं न्या.

२. खोक्यात काय असतं, घरात काय लागतं

अमेरिकन गॅलन म्हणजे ३.८ लिटर. त्यातून ३५५ मिलीलिटरच्या नऊ-दहा बाटल्या निघतात. एवढ्याशा बिअरसाठी पाच तास घालवायचे का, असं एका वेळी पाच गॅलन करणारे विचारतात. त्यांच्याकडे गॅरेज असतं. आपल्याकडे चार बर्नरची शेगडी आणि एक कपाट.

किटमध्ये साधारण हे असतं:

- एक गॅलनची काचेची बरणी, भोक असलेलं रबरी बूच आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप)
- बिअर ओढून घ्यायची नळी, तिला चिमटा
- थर्मामीटर
- भरडलेलं माल्ट, सुमारे ९०० ग्रॅम
- हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या) गोळ्या, सुमारे १५ ग्रॅम
- कोरड्या यीस्टचं पाकीट
- न खंगाळता वापरायच्या सॅनिटायझरची पुडी

घरात हे हवं: आठ लिटरचं स्टीलचं पातेलं, आणखी एक मोठं पातेलं, मोठी गाळणी, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, फनेल आणि दोन पिशव्या बर्फ. बाटल्या आणि झाकणं बसवायचं यंत्र बहुतेक किटमध्ये नसतंच, आणि हे लोकांना पंधरा दिवसांनी, बिअर तयार झाल्यावर कळतं. मला तसंच कळलं. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायची तरंगती काचेची नळी, बऱ्याच किटमध्ये नसतो. तो वेगळा घ्याच, कारण पुढे बाटल्या फुटण्यापासून तोच वाचवतो.

माल्ट म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. नाचणी सत्त्वासाठी आजी नाचणी भिजवायची, मोड आणायची, वाळवायची, दळायची. सातूचं तसंच केलं की माल्ट. मोड येताना धान्यात जी विकरं तयार होतात, तीच पुढे गरम पाण्यात पिठूळपणाची साखर करतात.

३. धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

साबणाने घासलेली बरणी स्वच्छ असते, निर्जंतुक नसते. उकळून थंड केलेल्या वर्टला, म्हणजे माल्टच्या गोड काढ्याला, जे जे लागणार ते सगळं सॅनिटायझरमध्ये बुडालं पाहिजे. बूच, नळी, एअरलॉक, फनेल, कात्री, यीस्टचं पाकीटसुद्धा. उकळण्याआधीच्या भांड्यांना याची गरज नाही, ती उकळतातच.

कात्री लोक विसरतात. यीस्टचं पाकीट कापायला ओट्यावरची, सकाळी दुधाची पिशवी कापलेली कात्री उचलायची, आणि महिन्याने विचारायचं की बिअर आंबट का. माझ्या पहिल्या ताकाचं कारण बहुधा तेच होतं. विरजण दुधाला लावायचं असतं.

फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझर वापरत असाल तर त्याला फेस येतो. बरणीत थोडा फेस राहिला तर घाबरू नका, तो धुऊन टाकायला जाल तर नळाच्या पाण्याने पुन्हा जंतू घालाल. प्रमाण बाटलीवर लिहिलेलंच पाळा. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही.

४. उकळण्याचा दिवस

पाच तास मोकळे ठेवा आणि त्या दिवशी घरात दुसरा स्वयंपाक ठेवू नका. ही कृती साध्या पेल एलची, म्हणजे फिक्या रंगाच्या बिअरची आहे.

पाणी: नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे बिअरला बँडेजसारखा औषधी वास येऊ शकतो. अनेक शहरं क्लोरामाइन घालतात आणि ते उकळून सहजी जात नाही. सुरुवातीला दुकानातून दोन गॅलन स्प्रिंग वॉटर आणा, विषय संपला.

मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवणं: २.४ लिटर पाणी ७१-७२ अंश सेल्सियसला तापवा, गॅस बंद करा आणि माल्ट ओतून नीट ढवळा. गुठळी राहू देऊ नका, पिठल्यात बेसन सोडताना जी काळजी घेता तीच. मिश्रण ६५ ते ६८ अंशांवर स्थिरावलं पाहिजे. झाकण ठेवून, जाड टॉवेलात गुंडाळून तासभर ठेवा. तापमान ६४ च्या खाली घसरलं तर मंद आचेवर ढवळत वर आणा.

या तीन अंशांत सगळी गंमत आहे. ६५ च्या आसपास ठेवलंत तर यीस्टला खाता येणारी साखर जास्त बनते, बिअर कोरडी आणि हलकी होते. ६८ ला थोडी भरीव आणि गोडसर. ७५ च्या वर नेलंत तर विकरं मरायला लागतात, आणि मग तासभर टॉवेलात ठेवलेली ती नुसती सातूची पेज. माझ्या किटबद्दल सर्वांत जास्त फोन याच पायरीचे यायचे, आणि निम्म्या वेळा दोष थर्मामीटरचा निघायचा. वापरण्याआधी तो बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा.

गाळणं: दुसऱ्या पातेल्यावर गाळणी ठेवून माल्ट ओता. वरून ७७ अंशांचं ३.८ लिटर पाणी हळूहळू फिरवत सोडा, म्हणजे दाण्यांत अडकलेली साखर धुऊन निघते. दाणे पिळू नका, दाबू नका, वाहू द्या. पाच लिटरच्या आसपास गोड, तपकिरी पाणी मिळेल. चाखून बघा. कुरडयांच्या चिकाची आठवण आली तर नवल नाही.

उरलेला चोथा फेकवत नाही. मी तो ओव्हनमध्ये वाळवून, दळून थालीपीठाच्या भाजणीत घातला होता. वास फार छान आला, पण तूस घशाला टोचतं. भाजणीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका.

उकळणं: एक तास खळखळ उकळायचं, झाकण न ठेवता. पहिली पाच-दहा मिनिटं तिथून हलू नका, दुधासारखंच हे उतू जातं आणि शेगडीवर साखरेचा पाक जळतो. उकळी स्थिर झाली की कॅस्केड हॉप्स ६ ग्रॅम. ४५ मिनिटांनी ४ ग्रॅम. गॅस बंद करताना उरलेले ४. आधी घातलेल्या हॉप्समधून कडवटपणा येतो, शेवटी घातलेल्यांतून सुगंध. कॅस्केड ही १९७२ पासून बाजारात असलेली अमेरिकन जात. तिला मोसंबी-पपनसाचा वास असतो आणि नवशिक्याच्या हातून ती सहसा बिघडत नाही.

कुत्रा असेल तर इथे थांबून वाचा. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, शरीराचं तापमान झपाट्याने वाढून जीव जाऊ शकतो. उकळून उरलेला गाळही तितकाच धोकादायक. कचऱ्याच्या उघड्या पिशवीत टाकू नका.

थंड करणं: पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि २० अंशांपर्यंत आणा. चार लिटर असल्यामुळे अर्ध्या तासात होतं. इथून पुढे जे लागेल ते निर्जंतुकच. फनेल आणि गाळणीतून बरणीत ओता. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, वर तळहाताएवढी जागा सोडा. कमी पडलं तर स्प्रिंग वॉटर घाला. हायड्रोमीटरचं वाचन लिहून ठेवा, या मापाने १.०५० च्या आसपास यावं.

विरजण: यीस्टच्या ११ ग्रॅमच्या पाकिटात पाच-सहा गॅलनला पुरेल इतकं यीस्ट असतं. एका गॅलनला पाव ते अर्धं पाकीट भरपूर. ओता, बूच लावून बरणी मिनिटभर जोरात हलवा. यीस्टला सुरुवातीला हवा लागते. गरम वर्टमध्ये मात्र टाकू नका. उकळत्या दुधात कुणी दही घालत नाही.

५. पहिले तीन दिवस, आणि मग हात बांधून बसणं

पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्ट असा फेस काढतं की छोटा एअरलॉक चोंदतो. चोंदला की आत दाब साठतो, आणि मग बूच उडतं. आमच्या छतावरचा तपकिरी डाग असाच झाला, रात्री अडीचला, आणि घर सोडताना डिपॉझिटमधून वजाही झाला. म्हणून सुरुवातीला बुचात जाड नळी खोचा, तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या वाडग्यात बुडवून ठेवा. फेस ओसरला की एअरलॉक लावा.

बरणी अंधाऱ्या जागी ठेवा, कपाटात किंवा तळघरात. वर्टचं तापमान १८ ते २१ अंश हवं. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे खोली २२ ला असली तर बरणी २४ ला जाते. जास्त उष्णतेत फळांचा आणि नेलपॉलिशचा वास येतो, ढोसल्यावर डोकं दुखतं. जुलै-ऑगस्टमध्ये वातानुकूलन नसेल तर बिअर लावूच नका, किंवा बरणी पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली बदला.

आता दोन आठवडे काही करायचं नाही. बूच उघडून वास घ्यायचा नाही. पाचव्या दिवशी बुडबुडे थांबतात, सगळ्यांना वाटतं झालं, आणि लोक बाटल्या भरतात. बुडबुडे थांबणं म्हणजे आंबणं संपणं नव्हे. दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर घाला, तीन दिवसांनी पुन्हा घाला. दोन्ही वेळा आकडा सारखा आला, १.०१० ते १.०१२ च्या आसपास, तरच पुढे जा. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणलं की मद्याचं प्रमाण मिळतं. १.०५० वरून १.०१२ वर आली तर पाच टक्के.

काही जण नमुना कमी लागतो म्हणून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर द्रवातून प्रकाश पाडून साखर मोजणारं उपकरण, घेतात. उकळण्याच्या दिवशी तो उत्तम. आंबल्यानंतर मात्र मद्यामुळे आकडा चुकीचा दाखवतो, दुरुस्तीचं सूत्र वापरावं लागतं. आणि तपासलेला नमुना परत बरणीत ओतू नका, पिऊन टाका.

६. बाटल्या: इथे घाई केली तर काच फुटते

बिअरमधला फसफस हा बाटलीत थोडी साखर घालून, उरलेल्या यीस्टकडून करवून घ्यायचा असतो. ही साखर मोजण्यात चूक झाली की बाटली बाँबसारखी फुटते. यात अतिशयोक्ती नाही.

गाळ सोडून नळीने बिअर स्वच्छ पातेल्यात काढली की साधारण ३.४ लिटर भरते. त्याला साधी साखर २२ ग्रॅम. वजन करून. चमच्याने नाही, 'दोन चमचे शिगोशीग' असं तर मुळीच नाही. अर्धा कप पाण्यात साखर पाच मिनिटं उकळा, थंड करा, आधी पातेल्यात ओता आणि त्यावर बिअर सोडा, म्हणजे सगळीकडे सारखी मिसळते. नळी तळाशी टेकलेली ठेवा. या टप्प्यावर हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

साखरेऐवजी गूळ घालून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. गुळातला ओलावा आणि साखरेचं प्रमाण ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे हिशेब लागत नाही. गूळ घालायचाच असेल तर उकळताना शेवटच्या दहा मिनिटांत घाला, रंग आणि चव दोन्ही मिळतात. बाटलीसाठी साखरच.

बाटल्या तपकिरी घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून प्रकाश गेला की हॉप्समधल्या घटकांपासून एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं आणि बिअरला स्कंकचा वास येतो. हायवेवर मेलेला स्कंक ज्यांनी हुंगला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पिरगाळून उघडायच्या बाटल्या टाळा, त्यांच्या आट्यांवर झाकण घट्ट बसत नाही. काचेच्या तोंडापासून बोटभर जागा सोडून भरा, झाकण लावा, आणि बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून खोकं बंद करा. २० अंशांवर दोन आठवडे. मग फ्रिजमध्ये दोन दिवस, म्हणजे यीस्ट तळाशी बसतं. ओतताना शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या.

पेल एल जमली की गव्हाची बेल्जियन विटबिअर करा. तिला संत्र्याची साल आणि धने लागतात, आणि आपले लांबट भारतीय धने त्यासाठी छान, त्यांना लिंबाचा वास जास्त असतो. अख्खे, न भाजलेले, ओबडधोबड कुटून, चार लिटरला तीन-चार ग्रॅम. डब्यातली धनेपूड घातलीत तर बिअर आमटीसारखी लागेल.

७. विकायचं ठरवलंत? आधी पासपोर्ट उघडा

एच-१बी वर असाल तर थांबा. तो व्हिसा तुमच्या मालकाकडच्या कामापुरताच असतो. शनिवारचा स्टॉल असो की इंटरनेटवरचं दुकान, स्वतःचा धंदा चालवणं हे विनापरवाना काम ठरू शकतं आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी अडचण येते. विद्यार्थी व्हिसावरही हीच गत. ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरचं ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, असेल तर स्वतःचा धंदा करता येतो. मी ईएडीवर सुरू केलं. वकिलाला एका तासाचे पैसे दिले आणि त्यांनी सांगितल्यावर नवऱ्याला खोक्यांना चिकटपट्टीसुद्धा लावू दिली नाही. तो खूश होता.

८. कागदपत्रं (न्यू जर्सीची, इतरांनी आपलं राज्य बघावं)

- धंद्याचं स्वरूप. एलएलसी (मालकाची वैयक्तिक जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी) नोंदवायला १२५ डॉलर आणि दरवर्षीच्या अहवालाचे ७५. एकटीच्या नावावरही चालतं, पण दुकानाचं नाव वेगळं असेल तर ते काउंटी क्लार्ककडे नोंदवा. काच, उकळतं पाणी आणि दाबाच्या बाटल्या यांचा धंदा आहे, म्हणून मी एलएलसी घेतली.
- ईआयएन, म्हणजे धंद्याचा कर-क्रमांक. आयआरएस या केंद्रीय करखात्याच्या संकेतस्थळावर फुकट आणि काही मिनिटांत मिळतो. त्याचे पैसे मागणारी, सरकारी दिसणारी संकेतस्थळं असतात. मी एकीला पैसे देऊन बसले होते.
- राज्याच्या करखात्यात नोंदणी, धंदा सुरू करण्याच्या किमान पंधरा कामकाजी दिवस आधी. विक्रीकर ६.६२५ टक्के. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकलंत तर तो त्या गोळा करतात, स्वतःच्या स्टॉलवर तुम्हाला करावा लागतो.
- पुनर्विक्रीचं प्रमाणपत्र, म्हणजे घाऊक माल घेताना विक्रीकर भरावा लागत नाही.
- उत्पादन-दायित्वाचा विमा. बाजाराचे आयोजक बहुधा त्याची प्रत मागतातच.
- गावाच्या आरोग्य खात्याचा लेखी होकार.

शेवटच्या मुद्द्यावर सगळे अडखळतात. मोठ्या पोत्यातून माल्ट आणि हॉप्स काढून घरच्या ओट्यावर लहान पिशव्या भरल्या की तो खाद्यपदार्थ पुन्हा बांधण्याचा उद्योग झाला. न्यू जर्सीत घरी केलेले खाद्यपदार्थ विकायची मुभाच मुळी ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, आणि तीही ठरावीक पदार्थांना. 'त्यात बसत असेल' असं गृहीत धरू नका, खात्याला ईमेल करून उत्तर जपून ठेवा. सोपे मार्ग दोन: परवाना असलेलं सामायिक स्वयंपाकघर तासावर घ्या, किंवा माल्ट-हॉप्स घाऊकवाल्याकडून हव्या त्या वजनात सीलबंद घ्या आणि तुम्ही फक्त खोकं जुळवा. मी दुसरा घेतला. नफा घटला, झोप वाढली.

वर्षअखेरी निव्वळ कमाई ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाली तर स्वयंरोजगार कर १५.३ टक्के, नेहमीच्या आयकराशिवाय. पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवा.

९. खोकं भरताना

माल्ट भरडलेलं द्यायचं की अख्खं? नवशिक्याकडे गिरणी नसते, म्हणून भरडलेलं. पण भरडलेलं माल्ट ओल खातं, शिळं होतं, सोंडे लागतात. हवाबंद पिशवी आणि तारीख हवीच. मी तीन महिन्यांपेक्षा जुनं विकत नाही. 'मिक्सरमध्ये फिरवून घ्या' असं गिऱ्हाइकाला कधीही सांगू नका. पीठ होतं, गाळणी चोंदते आणि शिव्या तुम्हाला पडतात.

हॉप्स उजेड, उष्णता आणि हवेने मरतात. चकाकत्या निर्वात पाकिटात, विक्रीपर्यंत फ्रीझरमध्ये. यीस्ट फ्रिजमध्ये. पैसे वाचवायला एक पाकीट फोडून तीन किटमध्ये वाटणारे विक्रेते मी पाहिले आहेत. उघडल्यावर यीस्ट झपाट्याने कमकुवत होतं, आणि तुमच्या ओट्यावरचे जंतू तीन घरांत जातात. अख्खं पाकीट द्या आणि 'अर्धं वापरा, उरलेलं टाका' असं छापा.

सॅनिटायझरचं मोठं कॅन आणून लहान बाटल्या भरू नका. ते तीव्र आम्ल असतं, त्याच्या लेबलचे आणि वाहतुकीचे नियम वेगळे. कारखान्यात बंद झालेल्या पुड्या मिळतात, त्या घाला.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन औंस आणि ग्रॅम दोन्हीत, तुमचं नाव-पत्ता. गहू असेल तर तो ॲलर्जीचा घटक म्हणून स्पष्ट लिहा. सातूतही ग्लुटेन असतं, तेही सांगा. वजन करून विकत असाल तर व्यापारासाठी मान्यताप्राप्त काटाच लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही.

आता कागद. माझ्या पहिल्या आवृत्तीत मी बिअरचा इतिहास लिहिला होता, मेसोपोटेमियापासून. कुणी वाचला नाही. आताच्या कागदावर वर मोठ्या अक्षरांत दोन ओळी आहेत: 'आजच बाटल्या आणि झाकणयंत्र मागवा' आणि 'साखर वजन करून'. मग तापमानांचा एक तक्ता, फॅरनहाइट आणि सेल्सियस दोन्हीत. मग पायऱ्या. कागद ओला होतो, म्हणून लॅमिनेट केलेला. छापण्याआधी ज्याने कधी बिअर केलेली नाही अशा माणसाला किट द्या, समोर बसा आणि तोंड बंद ठेवा. तो जिथे तुमच्याकडे बघेल, तिथे कागदात एक ओळ कमी आहे. माझ्यासाठी हे काम आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने केलं. तिने माझ्याकडे अकरा वेळा बघितलं.

१०. स्टॉल आणि कुरिअर

एका गॅलनची किट बाजारात विकण्यात नवं काही नाही. ब्रुकलिन ब्रू शॉपने २००९ मध्ये ब्रुकलिनच्या फ्ली मार्केटातच सुरुवात केली होती. पण स्टॉलवर स्वतःच्या बिअरचा नमुना पाजू नका. फुकट असला तरी. धंद्याच्या जागी, गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी दिलेली बिअर ही 'घरगुती वापर' राहत नाही. त्याऐवजी माल्ट चघळायला ठेवा, हॉप्सची गोळी बोटांनी चोळून हुंगायला द्या. एकदा हुंगलं की माणूस किंमत विचारतोच.

किंमत ठरवताना खोकं, भुसा, चिकटपट्टी, फुटलेल्या बरण्या आणि स्टॉलचं भाडं धरा. नवे विक्रेते माल्ट-हॉप्सचा खर्च दुप्पट करून मोकळे होतात आणि नाताळानंतर हिशेब बघून गप्प बसतात. खरी कमाई दुसऱ्या खरेदीत असते: बरणी नको, फक्त माल्ट-हॉप्स-यीस्टचं पाकीट. ते हलकं, न फुटणारं, आणि बरणी रिकामी बघून माणूस स्वतः मागतो. ऑक्टोबरपासून साठा करा. नाताळाच्या भेटींनी वर्ष निघतं, जूनमध्ये शुकशुकाट असतो.

काचेची बरणी कुरिअरने पाठवायची तर खोक्यात खोकं. भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवरून सहा बाजूंनी पाडून बघा, मगच पहिली ऑर्डर घ्या. किट सरकारी टपालाने जातं, मद्य जात नाही. त्यामुळे एखाद्या खूश गिऱ्हाइकाने 'माझी बिअर चाखायला पोस्टाने पाठवू का' असं विचारलं तर नाही सांगा.

तक्रारीचे फोन येतील, आणि बहुतेक 'तुमचं यीस्ट मेलेलं होतं' असं सुरू होतील. पैसे परत करण्याआधी तीन प्रश्न विचारा: बरणीचं तापमान किती होतं, साखर कशी मोजली, आता बाटल्या कुठे आहेत? उत्तरं 'माहीत नाही', 'अंदाजाने' आणि 'गॅरेजमध्ये' अशी आली, आणि महिना जुलैचा असला, तर पैशांचं नंतर बघू. आधी त्यांना सांगा की गॅरेजचं दार बंद करा, मुलांना आत जाऊ देऊ नका. संध्याकाळी गारवा आल्यावर जाड हातमोजे आणि चष्मा घालून, बाटल्यांच्या खोक्यावर जाड ब्लँकेट टाकून मगच हात लावायचा.